सोमवारची टोपली

ही घटना खरी आहे.

दर वेळी माझ्या लिखाणाखाली कुणीतरी लिहितंच, "काय कल्पनाशक्ती आहे हो तुमची!" माझी कल्पनाशक्ती हातमोज्याच्या पाच बोटांपलीकडे जात नाही. मी आयुष्यभर चामड्याचे हातमोजे शिवत आले. जे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि जे त्या माणसाने माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, तेवढंच लिहिते आहे. पटलं तर वाचा. नाही पटलं तर माझं काही अडलेलं नाही.

मध्यरात्र, अमावस्या, कुत्र्याचं रडणं असलं काही शोधत असाल, तर इथूनच परत फिरा.

हे घडलं भर दुपारी.

चार वर्षांपूर्वी. ऑगस्टमधला दुसरा सोमवार. वेळ सव्वादोनच्या आसपास. इटलीतलं नापोली शहर, सानिता भाग, आमच्या घरापासून चौथी गल्ली.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे जेवणं उरकली की खिडक्यांच्या झडपा बंद होतात. दीड ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लहानपणी आम्ही बाहेर जायला लागलो की आई दंडाला धरून आत ओढायची. म्हणायची, "ही वेळ आपली नाही, त्यांची आहे." त्यांची म्हणजे कुणाची, हे विचारायची आमची कुणाची टाप नव्हती.

त्या वेळेला बाहेर फिरतात ते फक्त प्रवासी.

हा त्यातलाच एक.

नाव ऑरेल्यो पेसेंती. राहणार बेर्गामो, म्हणजे वर पार उत्तरेत. वय चौसष्ट. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेला, पण तपासणी काही सुटली नव्हती. हा गृहस्थ एकटाच जुनी जुनी शहरं पायी फिरायचा. बस नाही, वाटाड्या नाही, सोबत नाही. खिशात एक काळी वही. त्या वहीत तो शहरांना दहापैकी गुण द्यायचा! प्रागला सात. तोलेदोला साडेसात. लिस्बनला सहा, कारण चढ फार.

त्या चढांनी याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

तो माझ्या नुंझियामावशीकडे खोली घेऊन राहिला होता. मी समोरच राहते, कॉफीला मावशीकडेच जाते. त्यामुळे रोज सकाळी त्याचं नाकाने कांदे सोलणं मला फुकटात ऐकायला मिळायचं.

"बाई, तुमच्या शहरात पदपथ नाहीत का?"

"आहेत की मास्तर," मावशी म्हणाली. "स्कूटर लावायला केलेत."

"आणि ते वाळत घातलेले कपडे! चालताना माणसाच्या डोक्यावर पाणी टपकतं."

"धुतलेलंच टपकतं ना? मग तक्रार कसली?"

"यात हसण्यासारखं काय आहे?" तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"तुम्ही," मी म्हटलं.

मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून निसटलं की त्याची बायको इथलीच होती. अस्सुंता. याच भागात जन्मलेली. नोकरीसाठी उत्तरेत गेली, तिथे याच्याशी लग्न केलं, एकतीस वर्षं संसार केला. एकतीस वर्षांत हा तिला एकदाही माहेरी घेऊन आला नाही. सुट्टीत म्हणे ते डोंगरात जायचे. घरात तिने आमची बोली बोललेली त्याला चालायची नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ती वारली.

"तिचं माहेर नेमकं कुठल्या घरात?" मावशीने विचारलं.

"ठाऊक नाही."

"कधी विचारलं नाहीत?"

"गरज पडली नाही."

"मग आता कशाला आलात?"

माझ्या मावशीला आडपडदा माहीत नाही. तो खांदे उडवून म्हणाला, "यादीत राहिलं होतं."

मी कप आपटला आणि घरी निघून आले. असल्या माणसासमोर कॉफीसुद्धा कडू लागते.

मग तो सोमवार आला.

सोमवार हा आमच्याकडे गेलेल्यांचा वार. मावशीने नेहमीप्रमाणे पाण्याचा ग्लास भरून खिडकीत ठेवला. ते बघून मास्तर खो खो हसायला लागला.

"म्हणजे हे खूळ इथलं होय! आमच्याकडे पण हा तमाशा असायचा. दर सोमवारी खिडकीत ग्लास. आणि दर सोमवारी मी तो कुंडीत ओतायचो."

"आणि ती?" मावशीने विचारलं.

"ती परत भरायची. मी परत ओतायचो."

"ते पाणी तहानलेल्यांसाठी असतं, मास्तर," मावशी शांतपणे म्हणाली. "ज्यांना जाताना कुणी पाणी दिलं नाही, त्यांच्यासाठी."

त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

तो ग्लासकडे पाठ करून बसला. मग घाईघाईने वही उघडून काहीतरी खरडायला लागला. मला तेव्हा वाटलं, चिडला असेल. तो चिडला नव्हता... पण ते नंतर कळलं.

निघताना मावशीने त्याची स्टीलची बाटली स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत भरून दिली आणि दारात उभी राहून सांगितलं, "माझं ऐकणार असाल तर चारपर्यंत बाहेर पडू नका. पडणारच असाल, तर एक करा. आमच्या या गल्ल्यांत कुठे खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली आणि तिच्यात रिकामा ग्लास असला, तर पाणी घाला आणि पुढे चालू लागा. वर बघू नका. बोलू नका."

"सगळी दुकानं बंद असताना टोपली सोडतं कोण?"

"तेच तर सांगतेय ना!"

"बाई," तो टोपी घालत म्हणाला, "मी चाळीस वर्षं शाळा तपासल्या आहेत. शिकवायचं ते दुसऱ्या कुणाला शिकवा."

आणि गेला.

आता पुढचं त्याने सांगितलेलं.

पहिल्या दोन गल्ल्यांत त्याला काही वेगळं जाणवलं नाही. तो आपला दारांच्या कमानी बघत, भिंतींचे पोपडे बघत, मनातल्या मनात गुण कापत चालला होता. वाटेत त्याने एक पीच खाल्लं. आठोळी टाकायला कचऱ्याचा डबा शोधत होता, कारण रस्त्यावर टाकणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. डबा मिळेना. त्याचाही त्याने एक गुण कापला.

तिसऱ्या गल्लीत त्याच्या लक्षात आलं...

आवाज नाहीत.

सानितामध्ये आवाज नाही ही अशक्य गोष्ट आहे. दुपारी झोपेतसुद्धा कुणाचा तरी टीव्ही चालू असतो. कुणीतरी भांडी घासत असतं. कुणीतरी घोरतं, आणि ते चार घरांना ऐकू जातं.

त्या दिवशी काहीच नव्हतं.

फक्त त्याचे बूट. टक्. टक्. टक्.

तो चौथ्या गल्लीत वळला.

तिथे एक पिवळं, चार मजली घर आहे. ऐंशीच्या भूकंपात त्याला भेग गेली, लोक सोडून गेले, आणि खालचं दार विटांनी चिणून टाकलं. आत जायला वाट नाही. आम्ही तिथून जाताना पावलं उचलतो, एवढंच.

तो त्या घरासमोर आला आणि वरून आवाज आला.

कुंईऽ... कुंईऽ...

कप्पीचा.

तिसऱ्या मजल्यावरून वेताची टोपली खाली येत होती. सावकाश. हेलकावेसुद्धा न खाता. ती बरोबर त्याच्या छातीसमोर येऊन थांबली.

आत एक ग्लास होता. रिकामा. कोरडा.

आता माझ्या आईने दंडाला धरून वाढवलेलं कुठलंही पोर काय करेल? पाणी घालेल आणि सुटेल. पण याचं डोकं तपासनिसाचं. त्याला वाटलं, मावशीनेच त्याची फजिती करायला कुणालातरी वर बसवलंय. खाली आम्ही कुठेतरी दडून फिदीफिदी हसतोय.

तो वर बघून ओरडला, "बाई, मी काही तुमचा पाणक्या नाही! खाली या आणि भरून न्या!"

वर काळोखी चौकट होती. बाकी काही नाही.

त्याने बाटली उघडली. टोपलीसमोर उभं राहून, मुद्दाम आवाज करत, घटाघटा प्यायला. शेवटचा थेंबसुद्धा जिभेवर झटकून घेतला. मग खिशातली पीचची ओली आठोळी काढली...

आणि ग्लासात टाकली.

टण्.

चांगला धडा शिकवला, असं त्याला वाटलं. हे त्याने स्वतः कबूल केलं.

टोपली वर जायला लागली. ती डोळ्यांच्या रेषेत आली, तेव्हा त्याला ग्लासाची कड दिसली. हिरवी रेघ. आणि एका बाजूला टवका उडालेला.

तो टवका त्याच्याच हातून उडाला होता. बेर्गामोच्या घरी. एका सोमवारी, कुंडीत पाणी ओतताना.



वरून आवाज आला. घोगरा, कोरडा, ओठाला ओठ चिकटल्यासारखा...

"ऑरे... थोडंसंच."

* * *

तो मावशीकडे परत आला तेव्हा साडेचार वाजले होते. मी तिथेच होते. टोपी नव्हती, तोंड पांढरंफटक, आणि ही एवढी मिजास असलेला माणूस स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसला. मावशीने पाणी दिलं. तो प्यायला. परत मागितलं. परत प्यायला. सहा ग्लास झाले तरी तो जीभ ओठांवरून फिरवतच होता.

मग त्याने ते सांगितलं.

मार्चमध्ये अस्सुंताला ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. आधी पोटात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलेलं. सकाळपासून ती पाणी मागत होती. नर्स याला म्हणाली, "कापूस भिजवून ओठ ओले करा, तेवढं चालतं." कापूस टेबलावर होता. पाण्याची वाटी टेबलावर होती.

"ती म्हणाली, ऑरे, थोडंसंच," तो म्हणाला. "मला ऑरे कुणी म्हणत नाही. तीच म्हणायची."

"आणि तुम्ही काय केलंत?" मावशीने विचारलं.

"मी म्हटलं, नियम म्हणजे नियम."

"नर्सने सांगूनसुद्धा?"

त्याने रिकामा ग्लास परत पुढे केला.

"मग?"

"पेपर आणायला खाली गेलो. वर आलो तर..."

तो रडायला लागला. मावशीने डोळ्यांना पदर नाही, पण एप्रन लावला. मला मात्र दया आली नाही. खोटं कशाला सांगू? मला त्याची किळस आली. हाताशी ठेवलेला कापूस ज्याला उचलवत नाही, तो माणूस आता फरशीवर बसून रडतोय. रड म्हणावं.

"आवाज आल्यावर मी चौकातल्या नळावर पळालो," तो म्हणाला. "बाटली भरली. परत गेलो. टोपली खाली आली होती, वाट बघत होती. मी बाटली उघडली तर आत थेंब नव्हता. तीनदा गेलो, बाई. तीनदा भरली."

"गळत असेल," मी म्हटलं.

त्याने बाटली माझ्या हातात दिली. रागात मी ती नळावर आपटली, पोचा पडला, मग भरली, झाकण लावलं, उलटी धरली.

एक थेंब गळला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची परतीची गाडी होती. तो गेला नाही. म्हणाला, एकदा तिच्या ग्लासात माझ्या हातचं पाणी पडू दे, मग जाईन. एवढंच उरलं होतं त्याचं आता. शहरं संपली, गुण संपले. त्या माणसाला आयुष्यात फक्त एक ग्लास भरायचा होता.

टोपली फक्त सोमवारीच येते, हे मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी उन्हात उभं राहून त्याला कळलं.

पुढच्या सोमवारी मावशीने मला त्याच्याबरोबर पाठवलं. "तिती, जा ग. तू बघ. तू डोळ्यांनी पाहून आल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

मी कुरकुर करतच गेले. बाटली मी भरली. झाकण मी आवळलं. तो ती दोन्ही हातांनी छातीशी धरून चालला होता, आणि मी शेजारून त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. सोबत माझ्या हातात पाण्याचा जगही होता, असावा म्हणून.

टोपली आली. मी वर पाहिलं नाही, पण ग्लास पाहिला. हिरवी रेघ, टवका... आणि तळाशी वाळलेली आठोळी.

त्याने झाकण उघडलं. बाटली उलटी केली.

काही नाही.

मी बोट घालून पाहिलं. आत धूळ होती. वर्षानुवर्षं कुणी वापरली नसावी अशी धूळ.

मी माझा जग पुढे केला तशी टोपली झर्रकन वर गेली.

माझं पाणी तिला नको होतं.

येताना तो मला म्हणाला, "तुम्ही माझ्यावर हसत का नाही? आधी तर हसायचात."

"हसण्याच्याही लायकीचे राहिला नाहीत तुम्ही," मी म्हटलं.

त्याने फक्त मान हलवली, हे मला मान्य आहे असं सांगितल्यासारखी.

असे सोमवार जात राहिले. ऑगस्ट संपला, सप्टेंबर संपला. तो दिवसभर पाणी प्यायचा आणि दिवसभर त्याचे ओठ फाटत जायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मावशीने भाडं घेणं सोडलं, त्याच्यासाठी सूप करायला लागली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी तो दीड वाजता बाहेर पडला आणि चारपर्यंत परतला नाही.

मी आणि मावशी गेलो. तो त्या चिणलेल्या दाराला टेकून बसला होता. गेलेला. हवेत गारवा होता, आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, आणि तरी डॉक्टर म्हणाले की अंगातलं पाणी संपून गेला.

बाटली त्याच्या मांडीवर होती.

मावशीने झाकण उघडलं...

तोंडापर्यंत भरलेली.

त्याचा पुतण्या बेर्गामोहून येऊन सामान घेऊन गेला. काळी वही मावशीने चाळली होती. सगळ्या शहरांपुढे गुण होते. नापोलीपुढे आधी तीन लिहून खोडलं होतं, मग चार लिहून खोडलं होतं, आणि शेवटी जागा कोरी सोडली होती.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

या ऑगस्टमध्ये मला एक तातडीचं काम आलं. चोवीस जोड हातमोजे, तीनच्या आत पोचवायचे. वार सोमवार होता. ती गल्ली टाळून लांबचा वळसा घ्यायला हवा होता, पण उशीर झालेला. मी चौथ्या गल्लीतून निघाले.

कुंईऽ... कुंईऽ...

मी थांबले. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. नुकतीच भरलेली. काय करायचं ते मला चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

टोपली छातीसमोर आली.

आत ग्लास नव्हता.

आत स्टीलची बाटली होती. तीच. मीच त्या दिवशी नळावर आपटून पोचा पाडला होता. ही बाटली पुतण्या बेर्गामोला घेऊन गेला होता, मी स्वतः त्याच्या बॅगेत ठेवली होती. झाकण उघडं होतं. आत कोरडं होतं.

आणि वरून आवाज आला. या वेळी पुरुषाचा.

"थोडंसंच, बाई..."

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. डोळ्यांसमोर तो टेबलावरचा कापूस आला. ती वाटी आली. जिला मी कधी पाहिलंही नाही, ती बाई आली. माझा हात पिशवीत गेला होता, तो मी बाहेर काढला.

आणि बोलू नये ते बोलले.

"नियम म्हणजे नियम, मास्तर."

टोपली वर गेली नाही. तिथेच राहिली. मी वळून बघितलं तेव्हाही तिथेच होती. मी मात्र सरळ चालत गेले. हातमोजे वेळेत पोचवले. दुकानदाराने लिंबाचं सरबत दिलं, ते प्यायले.

अजून एक मागितलं.

मग अजून एक.

मावशी म्हणते, हल्ली फार पाणी पितेस, साखर तपासून घे. तपासली, काही नाही. तिला बाकीचं सांगितलेलं नाही. गेले चार सोमवार मी बाटली भरून त्या गल्लीत जाते आहे. टोपली येते. त्याची बाटली आत असते. मी माझ्या बाटलीचं झाकण उघडते.

काल मी वाटेत बाटली कानाशी धरून चालले होते. पिवळ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आत पाणी डुचमळत होतं. कोपरा वळले...

आवाज थांबला.

मी रोज स्वतःला बजावते, त्याला माफ कर, एवढंच तर करायचंय. प्रयत्न करते. झडपा लावून, डोळे मिटून, मन लावून प्रयत्न करते.

पण तो माणूस मला अजूनही आवडत नाही.